नाव नको, वाट सांग

माझ्या साडूची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो जिन्यात एका माणसाची गचांडी धरून उभा होता. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. होणाऱ्या बायकोच्या थोरल्या बहिणीकडे मी पहिल्यांदाच चाललो होतो, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. वरून आरडाओरडा ऐकू आला.

"गॅस कंपनीतून आलोय म्हणतोस? कशावरून?"

त्या बिचाऱ्याच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं होतं. त्याने ते बोटाने दाखवलं.

"शिवता मलाही येतं!" असं म्हणून साडूने त्याला भिंतीवर आपटलं. गॅसवाल्याच्या नाकातून रक्त आलं. ते दोन ओघळ पाहिले आणि माझा साडू ओंडक्यासारखा आडवा झाला. मग मी आणि गॅसवाला, आम्ही दोघांनी त्याला हातापायांना धरून घरात नेलं. गॅसवाला नाक पुसत मला म्हणाला, "तुमचे कोण?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही. विचार करतोय."

लग्न झालं आणि हा माणूस माझ्या गळ्यात पडला. पुढे त्याच्यामुळेच मला त्याच्या कारखान्यात क्रेनवर नोकरी लागली, त्यामुळे घरीही तोच आणि कामावरही तोच. कारखाना ओतकामाचा. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा. तिथल्या माणसांचे हात भाजलेले, कान अर्धे गेलेले आणि राग कायम नाकावर. जरा धक्का लागला तरी पहार उगारतात. अशा ठिकाणी माझा साडू वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून मेल तपासायचा. जाड भिंगाचा चष्मा, पडद्याला नाक लावून बसायची सवय. खालच्या लोकांनी त्याचं नाव दुर्बीण ठेवलं होतं.

त्याचं काम एका ओळीत सांगतो, कारण त्याने मला ते हजार वेळा ऐकवलंय. मेल ज्याच्या नावाने आलाय तो त्यानेच पाठवलाय का, हे बघायचं. "पाकिटाच्या मागे नाव कोणीही कोणाचंही लिहील," तो म्हणायचा. "पण पाकीट ज्या ज्या कचेरीतून जातं तिथे तिथे शिक्का बसतो. मेललाही तसेच शिक्के असतात, आत लपलेले. नाव वाचून भुलायचं नाही, शिक्के वाचायचे. कुठून निघाला, कोणाच्या हातातून गेला, कसा पोचला. नाव खोटं बोलतं, वाट खोटं बोलत नाही."

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्याने ते घरी आणलं. बायकोचा फोन आला तरी विचारायचा, "तू तूच कशावरून?" माझी मेहुणी, जिला मी ताई म्हणतो, ती पलीकडून म्हणायची, "घरी या, कशावरून ते लाटण्याने दाखवते." तेव्हा कुठे त्याची खात्री पटायची. शेजारी त्याला टाळायचे. पोस्टमन पाकीट दाराखालून सरकवून पळायचा. चारचौघांत बसला की स्वतःच्या हुशारीच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, उठून दोन लगावाव्यात. मला तर अनेकदा वाटलं.

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. खाली काम करणाऱ्या कोणाकडे संगणक नाही. म्हणून सगळ्या कामगारांसाठी आलेला मेल फाटकावरच्या खोलीतल्या प्रिंटरवर आपोआप छापला जायचा आणि फाटकावरचा कारकून तो काचेच्या पेटीत लावायचा. कागद वाचवायचा म्हणून वरच्यांनी हुकूम काढला होता की फक्त नाव आणि मजकूर छापायचा, बाकी सगळं गाळायचं. पत्ता नाही, वाट नाही, शिक्के नाहीत. दुर्बीण यावर दर बैठकीत थयथयाट करायचा. "तुम्ही पाकीट फाडून फेकून देता आणि नुसती सही दाखवता!" लोक जांभया द्यायचे.

आणखी एक भोक त्याला सापडलं होतं. भट्टीचं तापमान वाढलं की धोक्याचा मेल पाठवणारं एक जुनाट यंत्र देखभाल खात्यात होतं. ते कोणालाच काही विचारायचं नाही. कारखान्याच्या आतून कोणीही, कोणाच्याही नावाने त्याच्याकडे मेल द्यावा, ते तो तसाच पुढे ढकलायचं. दुर्बिणीची सगळी राखण बाहेरच्या दारावर होती. हे यंत्र घरातलं, त्यामुळे त्याच्यावर चाळणीच नव्हती. एका बैठकीत ह्या शहाण्याने ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. मालकाच्या नावाने मालकालाच मेल पाठवला आणि छाती काढून उभा राहिला. मालक हसला. देखभालीचा साहेब तेवढा हसला नाही. त्याने वहीतून मान वर केली आणि विचारलं, "पुन्हा एकदा दाखवा बरं, नीट कळलं नाही." आणि दुर्बिणीने पुन्हा दाखवलं, हौसेने.

आता त्या दिवसाकडे येतो, ज्या दिवशी लॅडल सांडली.

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड नेणारी पोलादी बादली, माणूस आत उभा राहील एवढी. ती माझ्या क्रेनला लटकते. क्रेनचा ब्रेक घसरतो हे मी फोरमनला सांगितलं होतं. फोरमन भला माणूस, शिव्या देताना तोंड आवरायचा नाही, पण दुसऱ्याच्या जिवाला जपणारा. त्याने क्रेन बंद करून तिच्या बटणाला कुलूप घातलं. देखभालीच्या साहेबाने ते काढायला लावलं. "काम थांबलं तर वर मी काय सांगू?" फोरमनने पुन्हा बंद केली. साहेबाने पुन्हा चालू करून घेतली, ह्या वेळी फोरमनच्या छातीवर हात मारून त्याला बाजूला ढकललं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग ती घसरली. जास्त नाही, वीतभर. वीतभर खाली आली आणि हिसका बसून थांबली, आणि आतलं लोखंड काठावरून उसळलं. खाली साचे भरणारा एक तरुण उभा होता. काचेच्या केबिनमध्ये भट्टीच्या घरघरीपुढे मला काही ऐकू येत नाही. मला त्याचं फक्त उघडलेलं तोंड दिसलं. मग कपडे दिसले नाहीत, मग तोंडही दिसलं नाही. फोरमन धावत गेला आणि नुसत्या हातांनी त्याच्या अंगावरची आग झोडपत राहिला. त्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटून आली होती. तो पोरगा संध्याकाळपर्यंत जगला. जगायला नको होता.

त्याचा थोरला भाऊ आमच्याकडेच घणावर. साचे फोडायचं काम. त्याला सगळे घणच म्हणायचे. माणूस कमी बोलायचा. भाऊ गेल्यावर तेही बंद झालं. तो कामावर यायचा आणि साच्यांवर असे घाव घालायचा की जवळ कोणी उभं राहायचं नाही.

तपासासाठी सरकारी माणूस यायचा होता आणि फोरमन त्याच्यापुढे ब्रेकचं सगळं सांगणार होता. हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं. त्याने सांगितलं तर देखभालीचा साहेब तुरुंगात जाणार. आणि नाही सांगितलं तर? तर क्रेन कोणाच्या हातात होती? माझ्या. मी ओरडून ओरडून सांगितलं असतं, पण ज्याच्या हातून माणूस मेला त्याचं कोण ऐकतं? माझी मान त्या एका माणसाच्या जिभेवर अडकली होती. मी त्याच्या आयुष्यासाठी हात जोडत होतो ते काही निव्वळ प्रेमापोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तपासाच्या आदल्या दिवशी, दुपारची पाळी सुटताना, काचेच्या पेटीत एक कागद लागला. वर फोरमनचं नाव. खाली मजकूर असा: "मेलेला कामगार दारू पिऊन आला होता. क्रेनमध्ये काही दोष नाही. त्याच्या भावाने फाटकावर रडारड करून सहानुभूती मिळवू नये. अशा दारुड्यांमुळे कारखान्याचं नाव खराब होतं."

मी वर केबिनमध्ये होतो, कागदाचा फोटो खालच्या एकाने माझ्या फोनवर पाठवला. खालच्या अंगणात फाटकापाशी लोक गोळा झालेले दिसले. मग गर्दी एकदम फाटली आणि तिच्यातून घण बाहेर आला. हातात पहार. समोरून फोरमन येत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधलेले. भाजल्यापासून कामावर नव्हता, उद्याच्या साक्षीचं बोलायला आला होता. त्याने हसून मान हलवली. घणाने पहार आडवी घातली, गुडघ्यावर. फोरमन वाकला तसं मागच्यांनी त्याला पाडलं.

पाळी सुटलेली, सगळ्यांच्या हातात काही ना काही होतंच. सळया, चिमटे, साचे ठोकायच्या मोगऱ्या. कोणी लाथा घालत होतं, कोणी वरून थुंकत होतं. फोरमनने पट्ट्यांचे हात डोक्यावर धरले होते आणि लोक त्या हातांवरच मारत होते. ज्या हातांनी त्याने मेलेल्या पोराची आग झोडपली होती त्या हातांवर! पांढऱ्या पट्ट्या लाल झाल्या. मला वरून सगळं दिसत होतं.

मी दुर्बिणीला फोन लावला. "भाऊ, फोरमनला मारतायत! पेटीतला मेल बघा, त्याचा आहे का तो?"

"कोण बोलतंय?"

"मी! तुमचा साडू!"

"कशावरून?"

इथे माझा तोल गेला. मी त्याला जी शिवी घातली ती इथे लिहिण्यासारखी नाही. आजवर त्याला अहोजाहो केलं होतं, ते सगळं त्या एका शिवीत वाहून गेलं.

"हां, तूच," तो म्हणाला. "थांब."

कळा दाबल्याचा आवाज आला. मग श्वास. मग त्याचा तो रुबाबातला सूर कुठल्या कुठे गेला. "हा त्याचा नाही रे. नाव त्याचं आहे. वाट भट्टीच्या यंत्रावरून आलीय. आणि यंत्राला तो दिलाय देखभालीच्या साहेबाच्या खोलीतल्या संगणकाने." मग एकदम बारीक आवाजात, "मीच दाखवलं होतं त्याला. दोनदा."

"मग खाली जाऊन सांग!"

"तिथे रक्त असेल."

"आहे. भरपूर आहे. जा!"

मी शिडीवरून उतरायला लागलो. क्रेनची शिडी लांब, पावलं घसरत होती. खाली पाहिलं तर माझा साडू अंगणात आला होता. छातीशी लॅपटॉप धरलेला, चष्मा घसरलेला. तो गर्दीला म्हणत होता, "ऐका! ह्याचे शिक्के बघा! ही वाट बघा!" अहो, रक्त डोक्यात चढलेल्या माणसांना कोणी शिक्के दाखवतं का? एकाने लॅपटॉप हिसकून जमिनीवर आपटला आणि दुसऱ्याने त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की मला तो शिडीवर ऐकू आला.

"त्याचे हात बघा!" दुर्बीण किंचाळला. "भाजलेल्या हातांनी तो लिहील कसा?"

"दुसऱ्याकडून लिहून घेतला असेल!" कोणीतरी ओरडलं, आणि पुन्हा मारझोड सुरू झाली.

फोरमन आता हलत नव्हता. त्याच्या डोक्याखालची माती काळी झाली होती. मला वाटलं, दुर्बीण आता पडणार. तो पांढराफटक झाला, भिंतीला टेकला, तोंडावर हात धरला. आणि मग वळून फाटकावरच्या खोलीत शिरला. पळाला, असं मला वाटलं, आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तो पळाला नव्हता. त्याने कारकुनाला खुर्चीसकट बाजूला ढकललं आणि कारकुनाच्या संगणकावरून, त्याच भोकातून, त्याच यंत्राला एक मेल दिला. प्रिंटर खडखडला. दुर्बीण कागद घेऊन बाहेर आला, फाटकाच्या कठड्यावर चढला आणि असा ओरडला की तसा आवाज त्याच्या गळ्यात असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"हे ऐका! घणाचा मेल आलाय! घण म्हणतो, माझ्या भावाला मीच मारलं!"

पहारी जागच्या जागी थांबल्या. असं काही बोलायचं असतं का? पण त्या माणसाला लोकांशी बोलायचं वळण कधी नव्हतंच. मवाळ बोलून तिथे कोणी थांबलंही नसतं.

घण वळला. त्याने फोरमनला सोडलं आणि तो कठड्याकडे चालत आला, पहार जमिनीवरून घासत. "हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं. तुझ्या नावाने. आत्ता, ह्या खोलीत बसून. हा बघ, वर तुझंच नाव छापलंय." दुर्बिणीने कागद त्याच्या नाकापुढे धरला. "तू तर इथे उभा आहेस पहार घेऊन. तू लिहिलंस का? नाही ना? तसंच त्यानेही लिहिलं नाही! नावाला काय लागतं? नाव कोणीही छापतो!"

घणाने कागद घेतला. स्वतःचं नाव वाचलं. मग मागे वळून जमिनीवरच्या माणसाकडे पाहिलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. कळत होतं त्याला. त्याच्या मागच्या निम्म्या लोकांनाही कळत होतं, हात खाली येत होते. कारकून पुढे झाला आणि फोरमनला काखेत धरून खोलीकडे ओढायला लागला, आणि कोणी त्याला अडवलं नाही. एवढाच वेळ मिळाला. पण तेवढा पुरला.

कारण तेवढ्यात कचेरीच्या जिन्यावरून आवाज आला. "ज्याला दुसरा लिहिता येतो त्यानेच पहिला लिहिला! धरा त्याला!" मी शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर होतो, मला ओरडणारा स्पष्ट दिसला. देखभालीचा साहेब. ओरडला आणि आत पळाला.

जमावाला मारायला कोणीतरी हवं असतं. कोण, हा प्रश्न नसतो. दुर्बिणीला कठड्यावरून पायाला धरून खाली खेचलं. त्याचा चष्मा पहिल्याच लाथेत फुटला. तो ओरडत होता, "वाट बघा! वाट बघा!" आणि मग नुसतं "आई गं!" मी साखळी घेऊन घुसलो. लॅडल बांधायची साखळी, टोकाला हूक. पहिल्याचं मनगट मोडलं, दुसऱ्याच्या खांद्याचं हाड. तिसऱ्याने माझे दोन दात पाडले. मोडलेल्या हाडांचं मला आजही वाईट वाटत नाही, आणखी चार मोडली असती तरी वाटलं नसतं. पण मी पोचलो तेव्हा घण त्याच्या डोक्याशी उभा होता आणि पहार वर गेली होती. मी साखळी फेकली. ती पोचायच्या आत पहार खाली आली.

कलिंगड फुटल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर कोणी काही मारलं नाही. घणाने पहार टाकली आणि तिथेच मटकन बसला.

खोलीच्या आतून कारकुनाने कडी लावून घेतली होती. फोरमन आत होता. त्याचा श्वास चालू होता.

तिकडे साहेबाने हातोड्याने भट्टीचं यंत्र फोडून त्याचा भुगा केला. मूर्ख माणूस. शिक्के यंत्रात राहत नाहीत, मेलबरोबर जातात. कागदावर छापत नव्हते म्हणून तो समजला की नाहीतच. दुर्बिणीच्या टेबलावरच्या संगणकावर तो मेल उघडाच होता, सगळ्या वाटेसकट. तपासाला आलेल्यांनी तो पाहिला. फोरमनचा जबडा तारांनी बांधलेला, बोलता येईना, हात पट्ट्यांत, लिहिता येईना. तपासनीसाने प्रश्न विचारायचे आणि ह्याने मान हलवायची. ब्रेक घसरत होता? मान. तुम्ही क्रेन बंद केली? मान. साहेबाने चालू करवली? एवढी जोरात मान हलवली की तारांमधून रक्त आलं. साहेबाला बेड्या पडल्या. माझी मान सुटली.

आणि माझा साडू जगला. पुष्कळ दिवसांनी डोळे उघडले, बोलला, चालला. बुद्धी तीच, तोंड तेच, आगाऊपणाही तोच. फक्त डॉक्टरांनी ताईला बाजूला नेऊन सांगितलं की ह्यांना दिसतं सगळं, पण मेंदूतली चेहरे आणि आवाज ओळखायची जागा चेचली गेलीय. ती परत यायची नाही.

पहिल्यांदा ताई खाटेपाशी गेली तेव्हा तो तिच्याकडे बघत राहिला. "कोण?"

"अहो, मी."

"तू तूच कशावरून?"

ह्या वेळी तिने लाटण्याचं नाव काढलं नाही. बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं आपटून रडली. त्या माणसाने जन्मभर सगळ्यांना तो एक प्रश्न विचारून वात आणला होता, आणि आता त्याला तो खराच पडत होता. आरशात बघूनसुद्धा.

उपाय त्यानेच काढला. घरी आणल्यावर एक दिवस ताई खोलीत आली तसा म्हणाला, "नाव नको. वाट सांग. कुठून आलीस?"

ती म्हणाली, "स्वयंपाकघरातून. दूध उतू गेलं ते पुसलं. मधल्या खोलीत तुमची चप्पल उलटी पडली होती, ती सरळ केली. मग इथे."

"मग तूच. माझी चप्पल दुसरं कोण सरळ करणार?" आणि त्याने तिच्यासाठी खाटेवर जागा केली.

तेव्हापासून त्या घरात हीच रीत आहे. मी गेलो की दारातूनच सुरू करतो, "पाळी सुटली, फाटकावरून आलो, तुमच्या जिन्यात अजून दिवा नाही, हलत्या फरशीवर अडखळलो आणि तुमच्या घरमालकाला शिवी घातली." तो म्हणतो, "शिवी काय ते सांग." मी सांगतो. तो म्हणतो, "ये."

घण जामिनावर सुटला तेव्हा मी तिथेच होतो. दार वाजलं, मी उघडलं, आणि समोर तो. हातात काही नव्हतं. माझं डोकं भडकलं. मी त्याचा गळा धरला आणि त्याला जिन्याच्या कठड्यावर वाकवला. तो हात वर करेना, धडपडेना. त्याचे डोळे बाहेर यायला लागले तरी तसाच.

"कोण आहे रे?" आतून दुर्बिणीचा आवाज आला. "सोड त्याला. आत येऊ दे."

मी सोडला. का सोडला, मला माहीत नाही. सोडायचा नव्हता. घण खोकत आत गेला आणि खाटेसमोर उभा राहिला. दुर्बीण त्याच्याकडे बघत होता, पाहुण्याकडे बघावं तसं. त्या क्षणी घणाला काहीही म्हणता आलं असतं. कारखान्यातून आलोय, तब्येत विचारायला आलोय, कोणाचंही नाव घेता आलं असतं. समोरच्याला कळलं नसतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात, मी बाहेरच्या दारात, आम्ही दोघं बघत होतो.

"नाव नको," दुर्बीण म्हणाला. "कुठून आलात?"

घणाने मागे वळून दारातल्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुरुंगातून."

"त्याआधी?"

"फाटकापासून."

"फाटकापाशी काय केलंत?"

घणाने दोन्ही हात पुढे केले, जणू त्यात अजून पहार आहे, आणि ते पाहत राहिला. "तुमच्या डोक्यात घातली. मीच. तुम्ही खरं सांगत होता, ते मला कळलं होतं. कळल्यावर घातली."

दुर्बिणीने हात वर केला आणि डोक्यावरचा तो खड्डा चाचपला. मी पुढे झालो. त्याने मला हातानेच थांबवलं.

"ह्याला पाणी दे," तो ताईला म्हणाला. "वाट खरी आहे ह्याची."

ताईने पाणी आणलं. घण खाली फरशीवर बसून ते प्यायला, आणि पेला ठेवून ढसाढसा रडायला लागला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या हाताची बोटं अजून वळवळत होती. मी जिन्यात जाऊन भिंतीवर एक गुद्दा घातला, बोटांची पेरं सोलली, रक्त आलं. आत येऊन बसलो तर दुर्बिणीला ते दिसलं.

"ए, ते झाक," तो म्हणाला, आणि डोळे गच्च मिटून उशीला टेकला.